मोठ्या माणसांची शिकवणी



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या आवारात वर्षानुवर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं. मुलं आत बसायची आणि आईवडील बाहेर झाडाखाली गप्पा मारत उभे राहायचे. मास्तरांना ते खपत नसे. "पोरांना आत पाठवता, तुमचा नंबर कधी?" असं ते सगळ्यांसमोर विचारत, आणि लोक हसून विषय बदलत. आज मी तोच विषय घेऊन उभा आहे. मोठ्या माणसाने श्रद्धा शिकायची कशी, आणि मंडळीने त्याला शिकवायचं कसं?

मराठीपुरतं बोलायचं तर ही गोष्ट एका प्रश्नापासून सुरू होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. एवढा मोठा ग्रंथ का लिहावा लागला, त्याचं कारण त्याने ग्रंथाच्या आरंभीच घालून ठेवलं आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण धर्मशिक्षणाच्या वर्गात उठतो. तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय, असं तो पाद्रीगुरूला विचारतो. त्या ब्राह्मणाच्या हाती प्रश्नोत्तरांची पोथी होती. देव किती आहेत, संस्कार किती आहेत, उत्तरं पाठ करा. त्या माणसाला पाठांतर जमत नव्हतं असं नाही. रामायण-भारत ऐकत वाढलेल्या माणसाची भूक तेवढ्याने भागत नव्हती, एवढंच. स्टीफन्सचं मोठेपण असं की त्याने माणसाला खाली बसवलं नाही, त्याच्यासाठी ग्रंथ लिहायला घेतला. विद्यार्थ्याने मागणी केली आणि अभ्यासक्रम तयार झाला. चारशे वर्षांपूर्वी जे घडलं ते आज आपल्या धर्मग्रामांत किती वेळा घडतं, हे तुम्हीच सांगा.

रायतूर येतं ती साष्टी गोव्याची. आपली साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं हे बेट, जिच्यात आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येतात. इथे क्रम वेगळा होता. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यापाठोपाठ जेझुइट व फ्रान्सिस्कन गावोगाव फिरले. बोरिवलीच्या मंडपेश्वरला फ्रान्सिस्कनांनी शैव लेण्याचंच चर्च केलं आणि वर टेकडीवर धर्मांतरितांच्या मुलांसाठी विद्यालय बांधलं. मरोळजवळच्या कोंडिविट्यात जेझुइटांनी १५७९ साली सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च उभारलं. ते चर्च आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात भग्न उभं आहे. १८४०च्या साथीनंतर वस्ती उठली ती उठलीच, आणि आता वर्षातून एकदा मे महिन्यात मिस्सासाठी गावकऱ्यांना तिथे जायला मिळतं. मंडपेश्वरचा इतिहास मला अभिमानाने सांगता येत नाही. कुणाचं तरी देवस्थान घेऊन त्यावर आपली वेदी मांडली गेली, हे सत्य आहे आणि ते वर्गात मोठ्या माणसांना सांगितलं पाहिजे. पण आजच्या विषयापुरतं मला दुसरंच दिसतं. बाप्तिस्मा आधी झाला, शिकवणं मागून आलं, आणि शिकवलं ते बहुतकरून मुलांना. मोठ्यांनी रांगेत उभं राहावं, गुडघे टेकावेत, फेस्त साजरं करावं. त्यांची श्रद्धा प्रामुख्याने आचारातून आणि गाण्यांतून घडली.

हे गाणं मात्र कमी लेखू नका. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश या पाद्रीने १६५९ साली इथल्याच बोलीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पुराण रचलं. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत ते पिढ्यान् पिढ्या टिकलं. १८४५ साली मुंबईत त्याची आवृत्ती निघाली. मधल्या काळात, १७३७ साली, मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ला वसई पडली, युरोपीय पाद्री निघून गेले. जे गावकरी मागे राहिले त्यांच्याकडे मूठभर देशी धर्मगुरू आणि घरोघरी तोंडपाठ असलेल्या प्रार्थना होत्या. शाळा नाही, सेमिनरी नाही, तरी समाज विरघळला नाही. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, याच लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. आजीने म्हटलेलं पुराण ही प्रौढांचीच शाळा होती. तिच्यात प्रश्नाला मात्र जागा नव्हती. पुराण ऐकायचं असतं.

क्रम उलटा करायला कॅथलिक चर्चला १९६०चं दशक उजाडावं लागलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात ठरवलं की प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याची दीक्षातयारी पुन्हा सुरू करायची. 'पुन्हा' म्हणायचं कारण, पहिल्या शतकांतल्या चर्चमध्ये ती होतीच, आणि काही ठिकाणी तिला तीन-तीन वर्षं लागत. १९७१च्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेत प्रौढांचं शिक्षण हे धर्मशिक्षणाचं मुख्य रूप आहे, असं स्वच्छ लिहिलं आहे. मुलांचं नव्हे, मोठ्यांचं. १९७२ साली प्रौढ दीक्षेचा विधी आला. त्याचीच आपल्या चर्चच्या नोटीस बोर्डावर आर.सी.आय.ए. अशी चार अक्षरं दिसतात. आधी नुसती विचारपूस. मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार. उपवासकाळात जास्त कसून तयारी, पास्काच्या रात्री बाप्तिस्मा, आणि त्यानंतरही काही आठवडे वर्ग चालू, कारण काय घडलं ते कळायला वेळ लागतो. मधल्या काळात दीक्षार्थी मिस्साला येतात, वचन आणि प्रवचन ऐकतात, आणि अर्पणविधीपूर्वी त्यांना प्रेमाने बाहेर पाठवलं जातं. आपल्या उपनगरांत हे बाहेर पाठवणं बहुतेक ठिकाणी गुंडाळून ठेवतात, पाहुण्याला उठवल्यासारखं वाटतं म्हणून. मला वाटतं ती चूक आहे. बाहेर पाठवायचं ते ऐकलेल्यावर बोलत बसायला. तेवढी एकच वेळ हक्काने त्यांची असते.

या वर्गात येतं कोण? लग्न ठरलेली मुलगी येते, बहुतेक वेळा होणाऱ्या सासूने पाठवलेली. हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी नर्स येते. एखादा पन्नाशीचा कारकून येतो, जो जन्मतः ख्रिस्ती आहे, पण दृढीकरण राहून गेलं आहे. आणि एखादा असा येतो की त्याला स्वतःलाच सांगता येत नाही आपण का आलो. संत ऑगस्टिनने सुमारे ४०० साली कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनसाठी नवख्यांना कसं शिकवावं यावर पुस्तिका लिहिली. हा डीकन कंटाळला होता. शिकवताना आपलंच बोलणं आपल्याला नीरस वाटतं, अशी त्याची तक्रार. ऑगस्टिन त्याला सांगतो, माणूस कशासाठी आला आहे ते आधी विचार. आणि पुढे एक अगदी साधा सल्ला देतो: ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला आसन दे. सोळाशे वर्षं झाली. संध्याकाळी सव्वासातला चकाल्याहून चालत किंवा घाटकोपरहून मेट्रोने आलेल्या माणसाला आपण प्लास्टिकची खुर्ची देतो, हे खरं; पण तो कशासाठी आला आहे, हे विचारतो का?

लग्नाच्या मुलीचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे गैरसमज दाट आहे. लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यावाच लागतो, असं नाही. चर्चच्या कायद्यात बिशपांच्या परवानगीने बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह होऊ शकतो. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. आणि १९५४चा विशेष विवाह कायदा तर सर्वांसाठी आहेच. हे तिला पहिल्याच दिवशी सांगावं. एखादी मुलगी हे ऐकून पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही, तर वर्ग यशस्वी झाला असं मी समजेन. आजच्या दिवसांत हे जास्तच निकडीचं आहे. धर्मांतर हा शब्द उच्चारला की भोवतालची हवा तापते. संविधानाचं पंचविसावं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या निकालावर वाद आहेत. पण ज्या विधीत माणसाला महिनोन् महिने थांबवून ठेवतात, परत परत विचारतात आणि हवं तेव्हा निघून जायची मोकळीक देतात, त्या विधीला लपवण्यासारखं काही नाही. घाईने केलेला बाप्तिस्मा मला चर्चच्याच दृष्टीने गैर वाटतो, कायदा दूरच राहिला.

भाषेबद्दल थोडंच बोलतो. उपनगरांतले हे वर्ग बहुतांशी इंग्रजीत चालतात. मराठी आहे ती नोव्हेनात, भजनात, मयताच्या प्रार्थनेत. देवाशी बोलायला मराठी आणि देवाबद्दल बोलायला इंग्रजी, अशी वाटणी होऊन बसली आहे. मराठी माणसाला त्रैक्य समजत नाही असं एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकवलं, तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या, आणि त्यांच्याकडेच मी येणार आहे. शेजारी वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुवार्ता' मासिकातून आणि 'सुबोध बायबल'मधून दाखवून दिलं की धर्मशास्त्र उत्तम मराठीत बोलता येतं. त्या बायबलला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि पुढे दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी मरोळ, आंबोली, एक्सरच्या गावठाणातल्या बाईला वर्ग हवा असेल तर तिला आधी इंग्रजी यावं लागतं.

मग मोठ्यांना शिकायला लहान ख्रिस्ती समूह नाहीत का, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. १९८०च्या दशकात, मरोळमध्ये जन्मलेले आर्चबिशप सायमन पिमेंटा यांच्या काळात, मुंबई धर्मप्रांताने हे समूह उभे केले, आणि बिशप बॉस्को पेन्हांनी त्यांच्यासाठी जीव ओतला. एका चाळीतली, एका सोसायटीतली काही कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतात. चपला दाराबाहेर, आत खुर्च्या कमी पडल्या म्हणून सतरंजी, मधोमध बायबल आणि मेणबत्ती. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झालेली सात पायऱ्यांची पद्धत तिथे वापरतात: प्रभूला बोलवा, उतारा वाचा, त्यातला मनाला भिडलेला शब्द मोठ्याने म्हणा, शांत बसा, अनुभव सांगा, काय करायचं ते ठरवा, प्रार्थना करा. या पद्धतीने उपनगरांत एक मोठं काम केलं. ज्या बाईने आयुष्यात चर्चमध्ये 'आमेन'पलीकडे शब्द काढला नव्हता, ती शेजाऱ्यांसमोर बोलू लागली. आजारी माणसाकडे डबा जाऊ लागला. मुलुंडच्या एका इमारतीतले कोंकणी, मल्याळी आणि मराठी बोलणारे ख्रिस्ती एकमेकांना नावाने ओळखू लागले.

पण पाचव्या पायरीला एक नियम आहे: चर्चा करू नये, वाद घालू नये, दुसऱ्याच्या बोलण्याचं खंडन करू नये. नियमामागचा हेतू चांगला आहे. दोन शहाणी माणसं भांडू लागली की बाकीचे गप्प बसतात. परिणाम मात्र असा झाला की 'मला हे पटत नाही' हे वाक्य म्हणायला जागाच उरली नाही. मुलगा कॅन्सरने गेलेली आई 'देवाची इच्छा' हे शब्द ऐकते, तिच्या पोटात ढवळून येतं, आणि सहावी पायरी सुरू होते. मिस्सात प्रवचन असतं, तिथे प्रश्न विचारत नाहीत. समूहात अनुभव असतो, तिथे प्रश्न चालत नाही. कन्फेशनमध्ये प्रश्न हे पाप म्हणून सांगावं लागतं. मग माणूस प्रश्न घेऊन मोबाइलकडे जातो, आणि तिथे त्याला पहिल्या मिनिटात उत्तर देणारे अमेरिकन प्रवचनकार भेटतात. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चने १९७७ साली सुरू केलेला अल्फा कोर्स जगभर पसरला, त्याचं एक कारण एवढंच की तिथे आधी जेवायला वाढतात, मग भाषण होतं, आणि मग छोट्या गटात काहीही विचारायची मुभा असते. त्यातली उत्तरं मला पुष्कळदा उथळ वाटतात. व्यवस्था मात्र शहाणपणाची आहे.

आता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत पंडिता, विधवा, बरोबर लहान मुलगी, परका देश, सिस्टर्सच्या आश्रयाला राहणं. अशी बाई नम्रपणे मान डोलावेल असं तिथल्या लोकांना वाटलं असणार. त्यांचा आणि सिस्टर जेराल्डीनचा पत्रव्यवहार छापलेला आहे, तो वाचा. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, बिशपांचा अधिकार, सगळ्यावर रमाबाई वाद घालतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी आत्ताच सुटले, लगेच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्या ठणकावतात. गुरुस्थानी असलेल्या सिस्टरला ते अहंकाराचं वाटलं. आपण त्या वर्गात शिक्षक असतो तर आपल्यालाही वाटलं असतं. पण हीच बाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकशी झुंजत एकटीने अख्खं बायबल मराठीत आणते आणि १९२२ साली, ते काम हातावेगळं करून, जाते. वाद घालणारीच शेवटपर्यंत टिकली.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी. १८९५च्या १० फेब्रुवारीला त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. त्या काही काळ वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्या तरी सोवळं आणि स्वतंत्र चूल त्यांनी सोडली नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एवढा भडक स्वभावाचा माणूस, पण इथे थांबला. पाच वर्षं गेली. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की या बाईचं मन कुणाच्या प्रवचनाने बदललं नाही. शिवाशीव माणसाने केली की देवाने, हा प्रश्न स्वयंपाक करताना, पाणी भरताना, माणसांत वावरताना त्यांच्या मनात घोळत राहिला आणि एके दिवशी त्यांच्याच मनाने त्याचा निकाल लावला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेत न शिकलेल्या या बाईने पुढे टिळकांचं अर्धं राहिलेलं 'ख्रिस्तायन' स्वतःच्या ओव्यांनी पुढे नेलं. माझ्या मते मराठीतला प्रौढ दीक्षेचा सर्वांत चांगला अभ्यासक्रम 'स्मृतिचित्रे' हाच आहे, आणि प्रत्येक धर्मग्रामात शिकवणाऱ्यांनी तो आधी वाचावा. कॅथलिक असलात तरी. प्रॉटेस्टंट बाईचं पुस्तक म्हणून आपल्या कपाटात ते नसतं, ही आपली गरिबी आहे.

चर्चला प्रश्नांची भीती वाटते का? वाटते. फादर अँथनी डिमेलो मुंबईत जन्मले आणि १९४७ साली इथेच, अंधेरीच्या विनयालयात, जेझुइट संघात दाखल झाले. त्यांच्या साधना शिबिरांनी आणि छोट्या गोष्टींनी जगभरच्या मोठ्या माणसांना नव्याने विचार करायला लावलं. ते १९८७ साली वारले. अकरा वर्षांनी, १९९८ साली, रोमने त्यांच्या काही विचारांपासून सावध राहावं अशी अधिसूचना काढली. १९६६च्या डच धर्मशिक्षण ग्रंथाबाबतही रोमने कार्डिनलांची समिती नेमली होती. डिमेलोंवरच्या अधिसूचनेत सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. डिमेलो काही ठिकाणी ख्रिस्ताला अनेक गुरूंपैकी एक करून ठेवतात, ही तक्रार विचार करण्यासारखी आहे. म्हणून तर ती तक्रार आणि डिमेलोंच्या गोष्टी दोन्ही वर्गात समोरासमोर ठेवाव्यात. विनयालयापासून हाकेच्या अंतरावरच्या माणसांनी त्यावर बोलायचं नाही, तर कुणी?

शेवटी एका अशा गोष्टीबद्दल, जिच्यावर माझं आणि माझ्या काही धर्मगुरू मित्रांचं जमत नाही. १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात प्रवेश होता. मिशनऱ्यांपैकी अनेकांना ते रुचलं नाही आणि दोन वर्षांत टिळक गेले. पण बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताकडे येणारी माणसं कुठे गेली नाहीत. दर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला लोकलमधून उतरणारी गर्दी बघा, सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेला चढणारी माणसं बघा. त्यांतल्या कितीतरी जणांच्या कपाळावर कुंकू असतं. त्यांच्यापैकी एखादीला येशूबद्दल अधिक समजून घ्यायचं असेल, पण ख्रिस्ती व्हायचं नसेल, तर आपल्याकडे तिच्यासाठी कोणता वर्ग आहे? माझे मित्र म्हणतात, दीक्षेचा विधी दीक्षेकडेच जायला हवा, नाहीतर तो तत्त्वज्ञानाचा क्लास होईल. त्यांचं म्हणणं तोडून टाकता येत नाही. तरीही मला वाटतं की पहिल्या टप्प्याचं दार, ज्याला विधीतच विचारपुशीचा काळ म्हटलं आहे, तेवढं तरी आपण तिच्यासाठी उघडं ठेवावं आणि पुढे काय होतं याचा हिशेब मागू नये. या धर्मग्रामात पावसाळ्यानंतर मराठी वर्ग सुरू करायचं ठरतं आहे असं ऐकलं. नोंदणीचा फॉर्म करणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यावर बाप्तिस्म्याची तारीख हा रकाना सगळ्यांत शेवटी टाका, आणि तो भरला नाही तरी फॉर्म घ्या. पहिला रकाना ऑगस्टिनचा असू द्या: तुम्ही कशासाठी आलात? खाली चार-पाच ओळी मोकळ्या सोडा.